डिशवॉशरला सोवळं कशाला?

"आता कळतसुद्धा नाही, इथे काही आहे म्हणून!"

आमच्या स्वयंपाकघराचं काम करणाऱ्या डिझायनर बाईंनी दोन पावलं मागे सरकून हे वाक्य उच्चारलं, तेव्हा मी मनापासून खूश झालो होतो. पुण्यातला वीस वर्षं जुना फ्लॅट. स्वयंपाकघर आणि हॉल यांच्यामधली भिंत पाडून टाकलेली. कडप्प्याच्या फळ्या जाऊन तिथे फिकट राखाडी ट्रॉल्या आलेल्या. आणि सिंकच्या शेजारी, त्याच रांगेत, ट्रॉल्यांसारखंच शटर तोंडावर चढवलेला डिशवॉशर. मिस्त्रींनी सकाळी दहाला काम हातात घेतलं, चार वाजता ते शटर शेजारच्या ट्रॉलीच्या रेषेत आलं. दोन्हीकडे सारखी, तीन मिलिमीटरची फट. पुढे कित्येक दिवस मी येणाऱ्या-जाणाऱ्याला मुद्दाम विचारायचो, "ओळखा पाहू, डिशवॉशर कुठे आहे?" लोक भलतंच कपाट उघडायचे, आतून डाळींचे डबे निघायचे, आणि आम्ही सगळे हसायचो.

हा लेख त्या वाक्याविरुद्ध आहे. त्या हसण्याविरुद्धही आहे, म्हणजे पर्यायानं माझ्याविरुद्ध. डिशवॉशरच्या तोंडावर कपाटाचं दार लावणं खर्चिक आहे, गैरसोयीचं आहे आणि अप्रामाणिक आहे, असं माझं म्हणणं आहे. पहिल्या दोन गोष्टी माणूस हौसेपोटी सहन करतो. तिसरी करू नये.

सहा किलो आणि अकरा किलो

आधी गैरसोयीबद्दल, कारण ती मोजता येते.

ट्रॉल्यांच्या रांगेत बसणारा डिशवॉशर साधारण ६० सेंटिमीटर रुंद असतो. उंची ८२ सेंटिमीटरच्या आसपास, खालचे पाय फिरवून आणखी चार-पाच सेंटिमीटर वाढवता येते. पूर्ण झाकायच्या मॉडेलला दर्शनी दार असं नसतंच. समोर नुसता करडा पत्रा आणि त्यात स्क्रूची भोकं. बटणं दाराच्या वरच्या कडेवर, म्हणजे दार मिटलं की तीही गायब. या पत्र्यावर आपलं शटर बसवायचं. कंपनी सोबत कागदाचा एक साचा देते. तो शटरच्या मागच्या बाजूला चिकटवायचा, खुणा करायच्या, भोकं पाडायची, कंस लावायचे, शटर अडकवायचं आणि मग दार उघडून आतून स्क्रू पिळायचे. ऐकायला सोपं आहे. पण ट्रॉलीचं शटर बाजूच्या बिजागरीवर फिरतं आणि डिशवॉशरचं दार खालच्या बिजागरीवर समोर आडवं पडतं. त्यामुळे सगळा भार स्प्रिंगांवर येतो. म्हणूनच प्रत्येक मॉडेलच्या पुस्तिकेत शटरचं कमाल वजन दिलेलं असतं. आमच्या मॉडेलला ते आठ किलो होतं.

आता हिशेब करू. १८ मिलिमीटरच्या मरीन प्लायचा ६० बाय ७२ सेंटिमीटरचा तुकडा पाच किलोच्या थोडा वर जातो. दोन्ही अंगांना लॅमिनेट धरलं की सहा. इथवर ठीक. पण बाकीच्या ट्रॉल्यांना रंगीत काच होती आणि "एकसारखं दिसायला हवं" हा त्या घरातला सर्वोच्च कायदा होता. चार मिलिमीटरची काच चौरस मीटरला दहा किलो भरते. आमच्या तुकड्याला चार किलोंहून जास्त. वर पितळी हँडल. झाले अकरा. मिस्त्रींनी शटर दोन्ही हातांनी तोललं आणि हे जड होईल, असं स्वच्छ सांगितलं. बाई म्हणाल्या, स्प्रिंग घट्ट करता येतात. मी बाईंच्या बाजूनं मान डोलावली. त्या खोलीत रोज दारं बसवणारा माणूस एकच होता, आणि त्याचंच म्हणणं कोणी मनावर घेतलं नाही.

मग जे व्हायचं ते झालं. स्प्रिंगा शेवटच्या पेडापर्यंत पिळूनही दार हातातून सुटलं की धाडकन खाली यायचं. दार उघडताना शटरची खालची कड आत वळते, ती स्कर्टिंगला घासायला लागली. म्हणून स्कर्टिंग कापलं. कापलेल्या फटीतून झुरळांनी प्रवेश केला. धुणं संपल्यावर दार किलकिलं ठेवायचं असतं, त्या वाफेनं पहिल्याच पावसाळ्यात शेजारच्या ट्रॉलीची कड फुगली. वाफ अडवायची एक पट्टी मशीनबरोबर आली होती म्हणे. ती पॅकिंगबरोबर भंगारात गेली होती.

आठव्या महिन्यात दाराच्या स्प्रिंगची दोरी तुटली. कंपनीचा तंत्रज्ञ आला, शटरकडे बघितलं आणि म्हणाला, "हे तुमच्या सुताराकडून काढून घ्या, मग मी मशीन बाहेर ओढतो." मिस्त्रींना फोन केला. ते म्हणाले, शटर काढतो, पण मशीनला हात लावणार नाही, उद्या काही बिघडलं तर माझ्यावर येईल. डिझायनर बाईंचं काम केव्हाच संपलं होतं. दोघं एका वेळी एका जागी यायला तीन आठवडे लागले. चूक दोघांचीही नव्हती. यंत्र कंपनीचं, शटर सुताराचं, आणि त्या दोहोंना जोडणारे चार स्क्रू कोणाचेच नाहीत, अशी वस्तू आम्ही पैसे देऊन तयार करवून घेतली होती.

कोणी म्हणेल, हा तुमच्या कामाचा दोष झाला. वजन सांभाळलं असतं, स्कर्टिंग आधीच मागे घेतलं असतं, तर काही झालं नसतं. अगदी बरोबर. पण मुद्दा तो नाहीच. शटर नीट बसलं असतं तर मी हा लेख लिहिला नसता आणि अजून पाहुण्यांना कोडी घालत बसलो असतो. बिघडलं म्हणून विचार करावा लागला.

फ्रिज हॉलमध्ये, मोरी मागे

विचार असा केला : आपण फ्रिजला शटर का लावत नाही?

युरोपात लावतात, तिकडची श्रीमंत स्वयंपाकघरं आख्खीच्या आख्खी झाकलेली असतात. पण आपल्याकडे फ्रिज हा मानाचा गणपती आहे. ज्यांचं बालपण १९८०च्या आसपासचं आहे त्यांना आठवत असेल, मध्यमवर्गीय घरात नवा फ्रिज आला की तो हॉलमध्येच उभा राहायचा. त्याच्या डोक्यावर क्रोशाचा रुमाल, रुमालावर फुलदाणी, हँडलला कापडी मोजा. आज तो स्वयंपाकघरात सरकला, पण दोन दारांचा, काचेचा, लाल-निळा होऊन. मिक्सर ओट्यावर उघडा असतो. मायक्रोवेव्हला छान कोनाडा मिळतो. कॉफीचं यंत्र असेल तर त्यावर वरून दिवा सोडलेला असतो. वॉशिंग मशीन मात्र ड्राय बाल्कनीत, आणि डिशवॉशर शटरमागे.

यादी नीट पाहा. जी यंत्रं अन्न ठेवतात किंवा शिजवतात ती दर्शनी. जी खरकटं आणि मळ यांना हात लावतात ती आड. ही काही डिझायनरनं कॉलेजात शिकलेली सौंदर्यदृष्टी नव्हे. हे आपलं जुनं सोवळं-ओवळं आहे, फक्त आता ते लॅमिनेटमध्ये मिळतं.

भांडी घासण्याची जागा आपल्याकडे नेहमी मागेच होती. वाड्यात ती मागच्या अंगणात, चाळीत मोरीत, फ्लॅटमध्ये मागच्या बाल्कनीत. भांडी घासणारीही मागच्या दारानं यायची. आज कित्येक उंच इमारतींत तिला वेगळी लिफ्ट असते. तिचा चहाचा कप वेगळा ठेवणारी घरं अजून आहेत, आणि ती सगळी काही खेड्यात नाहीत. ज्या बाईच्या हातून आपण जेवतो ती ताटं स्वच्छ होतात, तिचा स्पर्श ताटाला चालतो, कपाला चालत नाही. ही गंमत टिकायची असेल तर एक अट पाळावी लागते : ते काम डोळ्यांसमोर होता कामा नये.

कामवाल्या बायकांना हे आपल्याआधी कळलं होतं. १९८० साली याच पुण्यात मोलकरणींनी संप केला, पगारवाढ आणि हक्काची सुट्टी मागितली, आणि त्यातून त्यांची संघटना उभी राहिली. दोन दिवस सिंकमध्ये साचलेला ढीग हे त्यांचं हत्यार होतं. काम अदृश्य आहे तोवर त्याला किंमत नाही; ते थांबलं की दिसतं. महाराष्ट्रात घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा यायला त्यानंतर २००८ साल उजाडावं लागलं. घरकामगारांना इतर कामगारांसारखे हक्क असावेत असं सांगणारा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १८९ क्रमांकाचा करार २०११ साली झाला, त्याला आपल्या देशानं अजून औपचारिक मान्यता दिलेली नाही. सरकारही शटर लावून बसलंय, असं म्हणायला हरकत नाही.

खुद्द या यंत्राचा जन्मही फारसा निर्मळ नाही. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या शेल्बीव्हिल गावच्या जोसेफिन कॉक्रन या बाईंना भांडी धुण्याच्या यंत्राचं पेटंट २८ डिसेंबर १८८६ रोजी मिळालं. त्यांची गोष्ट अशी सांगतात की घरातल्या वडिलोपार्जित चिनी मातीच्या बशांचे नोकरांच्या हातून टवके उडायचे, ते त्यांना सहन होईना. म्हणजे कळवळा बशांचा होता, हातांचा नव्हे. तरीही बाईंचं यंत्र लपून राहिलं नाही. १८९३ सालच्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात ते चारचौघांत मांडलं गेलं, आणि सुरुवातीची गिऱ्हाइकं मिळाली ती हॉटेलं. हॉटेलवाल्याला यंत्र झाकायचं नसतं, चालवायचं असतं.

"सोपी मशीनला, अवघड मला"

डिशवॉशर आम्ही पुष्कळ जणांसारखा २०२०च्या टाळेबंदीच्या धसक्यानं घेतला. बायको आणि मी आळीपाळीनं भांडी घासत होतो. पन्नाशीपर्यंत मी एकही कढई घासलेली नव्हती, हे लिहिताना आज लाज वाटते. तेव्हा वाटत नव्हती. मशीन आलं, पुढे फ्लॅटचं काम काढलं, शटर आलं. टाळेबंदी उठल्यावर आमच्याकडे बारा वर्षं काम करणाऱ्या ताई परत आल्या, तेव्हा आम्ही त्यांच्याशी बसून 'रीतसर' बोललो. आता मशीन आहे, भांड्यांचं काम कमी झालं, तर भांड्यांचे सातशे रुपये कमी करूया. त्या "बरं" म्हणाल्या. असल्या बोलण्यात दुसरं काही म्हणायची सोय नसते.

दीड वर्षानं, दोरी तुटली त्या तीन आठवड्यांत, मशीन बंद आणि सगळी भांडी पुन्हा सिंकमध्ये. मी ओट्याशी उभा होतो. ताई नेहमीच्या वेगानं ताटं-वाट्या विसळून पालथ्या घालत होत्या. पंधरा मिनिटांत ढीग उतरला. मी म्हटलं, "मशीन नसल्यानं तुमचं काम फार वाढलं ना?"

त्या म्हणाल्या, "कुठं वाढलं दादा? ही काय भांडी हायत का? सोपी समदी मशीनला दिली, अवघड मला ठेवली, न् पैसं माझं कमी केलं."

मी खरोखरच तोवर हे पाहिलं नव्हतं. डिशवॉशरला काय चालतं? स्टीलची ताटं, काचेचे ग्लास, चमचे, म्हणजे हातानंही चटकन निघणारी भांडी. काय चालत नाही? ॲल्युमिनियमचा कुकर काळा पडतो. लोखंडी तवा गंजतो. बिडाची कढई, पितळेचं पातेलं, नॉनस्टिकचा पॅन, लाकडी पोळपाट, काहीच चालत नाही. मशीन मोठ्या भांड्यांनी अडतं म्हणून दुधाचं करपलेलं पातेलंही बाहेरच. महाराष्ट्रातल्या घरात घासायला जड असतं ते नेमकं हेच. आम्ही ताईंच्या कामातली साय काढून यंत्राला दिली, खरवड त्यांच्याकडे ठेवली आणि सायीचे पैसे कापले.

आणि यंत्राचं काम तरी यंत्र करतं का? खरकटं काढून ताटं आत रचायची, आपल्याकडच्या जड पाण्यासाठी मीठ भरायचं, तळातली जाळी काढून त्यातले शितं आणि कढीपत्त्याची पानं धुवायची, झाल्यावर सगळं बाहेर काढून जागच्या जागी लावायचं. हे आमच्याकडे रात्री साडेदहाला बायको करत होती, एकटी. मी ते काम करतो आहे असा माझा समज होता, कारण बटण मी दाबायचो.

या साऱ्यात शटरचा काय दोष, असं विचाराल. दोष हाच की शटरमुळे सगळ्यांना एकच गोष्ट दिसत होती : स्वच्छ ओटा. मशीन भरलंय की रिकामं, धुतलंय की धुवायचंय, चालू आहे की बंद, काहीही बाहेरून कळत नव्हतं. त्या मॉडेलला चालू असताना जमिनीवर लाल ठिपका पडतो, तेवढीच खूण. अठ्ठ्याहत्तर वर्षांची माझी आई एकदा तो ठिपका कुंकू सांडलं समजून फडक्यानं पुसायला बसली होती. तोही किस्सा आम्ही हसत सांगितला. पण आई त्यानंतर त्या बाजूला फिरकलीच नाही. तोपर्यंत ती स्वतःचा कप-बशी आत ठेवायची. नंतर ती पुन्हा सिंकमध्ये ठेवायला लागली. जे यंत्र दिसत नाही ते घरातल्या सगळ्यांचं होत नाही. ज्याला त्याची कळ ठाऊक, काम त्याच्याच गळ्यात पडतं.

आक्षेप, आणि माझी उत्तरं

पहिला आक्षेप सौंदर्याचा. भिंती पाडलेल्या घरात सोफ्यावरून ओटा दिसतो, डोळ्यांना शांतता हवी. मान्य. पण सोफ्यावरून फ्रिजही दिसतो, आणि त्याच्यानं कोणाची शांतता ढळत नाही. डिशवॉशरचा साधा स्टीलचा चेहरा फ्रिजपेक्षा कुरूप नाही. आपल्याला खुपतो तो चेहरा नव्हे, त्यामागचं खरकटं आठवतं, ते खुपतं.

दुसरा आक्षेप एका मित्राचा : "मग संडासाचंही दार उघडं ठेवा!" संडासाचं दार आतल्या माणसाची लाज राखायला असतं. ताट-वाटीला लाज नसते. इथे दार लागतं ते बाहेर बसलेल्यांच्या सोयीसाठी.

तिसरा आवाजाचा. शटरनं आवाज थोडा दबतो हे खरं. पण कमी आवाजाचं मशीन घेता येतं, आणि ते बहुधा शटर, काच, हँडल आणि मजुरी यांच्या बेरजेपेक्षा महाग पडत नाही.

चौथा, "मॉड्युलर किचन म्हणजे हेच". ही मात्र गैरसमजूत आहे. आजच्या मॉड्युलर किचनची आजी म्हणतात ते फ्रँकफुर्टचं स्वयंपाकघर. मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या वास्तुरचनाकार बाईंनी १९२६ साली कामगार वस्तीतल्या घरांसाठी ते आखलं, आणि तशी सुमारे दहा हजार बसवली गेली. जेमतेम साडेसहा चौरस मीटरची जागा. तिथे बाईची किती पावलं वाचतात याचा विचार केलेला. पीठ-तांदूळ-साखरेच्या ॲल्युमिनियमच्या खणांवर नावं कोरलेली, धुतलेली ताटं निथळायला डोळ्यांसमोर फळी. त्या खोलीनं बाईला एकटं पाडलं अशी टीका पुढे झाली आणि ती चुकीची नव्हती. पण काम लपवणं हा तिचा हेतू नव्हता. काम मोजायचं आणि हलकं करायचं, हा होता. आपण तिच्या खणांची रांग घेतली आणि खणांवरची नावं पुसून टाकली.

तर काय करावं

ज्यांचं स्वयंपाकघर अजून कागदावर आहे त्यांनी साधा, स्वतःच्या तोंडाचा डिशवॉशर घ्यावा. अगदीच राहवत नसेल तर बटणांची पट्टी बाहेर दिसणारं अर्धं झाकलेलं मॉडेल घ्यावं. आणि शटर लावायचंच असेल तर निदान ते आधी तराजूवर ठेवा, पुस्तिकेतल्या आकड्याशी ताडून पाहा, काच लावू नका, स्कर्टिंग सिलिकॉननं चिकटवू नका, प्लगची जागा मशीनच्या मागे न ठेवता शेजारच्या कपाटात ठेवा, आणि मिस्त्री "जड होईल" म्हणाले तर त्यांचं ऐका.

त्याआधी मात्र घरात एक हिशेब मांडा. काय मशीनमध्ये जातं, काय उरतं, उरलेलं कोण घासतं, मशीन कोण भरतं, कोण रिकामं करतं. तो कागद फ्रिजवर लावा. फ्रिज दर्शनी आहेच.

आम्ही मिस्त्रींना पुन्हा बोलावलं आणि शटर काढून टाकलं. पंधरा मिनिटांचं काम. मग स्प्रिंगा सैल कराव्या लागल्या, कारण ओझं गेल्यावर दार उघडं राहीना, आपणहून वर यायला लागलं. ताईंचे सातशे परत सुरू केले, आणि मधल्या दीड वर्षाचेही दिले. हे उदारपणाचं काम नव्हतं, थकबाकी होती. आता रांगेत मधेच एक करडा पत्रा दिसतो, त्यावर स्क्रूची सहा भोकं आणि एक चुंबक. चुंबकाच्या एका बाजूला 'धुतलेली' लिहिलंय, दुसरीकडे 'खरकटी'. आई तो उलटा-सुलटा करते आणि चुकलं की मला ओरडते.

परवा एका पाहुण्यानं त्या पत्र्याकडे पाहून हळूच विचारलं, "इथलं काम राहिलंय वाटतं?"

मी हो म्हटलं, आणि जेवण झाल्यावर त्यांचं ताट त्यांनाच आत ठेवायला सांगितलं.